मुहयिद्दीन यासीन: जोहोरचे मेंतेरी बसार ते मलेशियाचे पंतप्रधान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मलेशियाच्या राजकारणाकडे मराठी वाचकाचे लक्ष बहुधा महाथीर किंवा अन्वर इब्राहिम यांच्यामुळे जाते. या दोघांच्या मधल्या काळात १७ महिने पंतप्रधान राहिलेल्या मुहयिद्दीन यासीन यांच्याविषयी मात्र फारच तुटक माहिती वाचायला मिळते. राज्य आणि केंद्र या दोन्ही स्तरांवर चाळीसहून अधिक वर्षे वावरलेल्या या मलय नेत्याची कारकीर्द नीट समजून घेतली, तर मलेशियाची संघराज्य व्यवस्था, तेथील सुलतानांचे स्थान आणि मलय पक्षांमधील संघर्ष यांचाही उलगडा होतो. म्हणून पुढील प्रश्नोत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

‘यासीन’ हे त्यांचे आडनाव आहे का?

नाही. मलय लोकांत आडनावाची पद्धत नाही. स्वतःच्या नावापुढे ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’ हा शब्द आणि त्यानंतर वडिलांचे नाव येते. त्यामुळे त्यांचा उल्लेख ‘यासीन’ असा केला, तर तो त्यांच्या वडिलांचा उल्लेख ठरतो. भारतीय वृत्तपत्रांत ही चूक पुष्कळदा दिसते. ‘मुहयिद्दीन’ असे म्हणणेच योग्य आहे. अधिकृत कागदपत्रांत त्यांचे नाव ‘महियाद्दीन बिन मोहम्मद यासीन’ असे आढळते. नावाआधी लागणारी ‘तान श्री’ ही मलेशियाच्या राजांकडून मिळणारी पदवी आहे आणि त्यातला ‘श्री’ आपल्याला ओळखीचा वाटतो तो योगायोगाने नव्हे. मलय भाषेने संस्कृतमधून घेतलेले शब्द राज्यकारभारात जागोजागी भेटतात. मंत्र्याला ‘मेंतेरी’ म्हणतात, पंतप्रधानाला ‘पर्दाना मेंतेरी’ म्हणतात आणि मलय व इतर मूळ रहिवाशांसाठी वापरला जाणारा ‘बुमिपुत्रा’ हा शब्द म्हणजे आपला ‘भूमिपुत्र’च होय.

त्यांची पार्श्वभूमी काय होती?

त्यांचा जन्म १५ मे १९४७ रोजी जोहोर राज्यातील मुआर येथे झाला. वडील धर्मशिक्षक होते आणि त्यांचे घराणे बुगिस वंशाचे होते, तर आईचे घराणे मूळचे जावाचे होते. मलाया विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि मलय अभ्यास या विषयांत पदवी घेतल्यानंतर ते जोहोरच्या राज्य प्रशासनात रुजू झाले. काही काळ त्यांनी मुआर जिल्ह्यात सहायक जिल्हा अधिकारी म्हणून काम केले आणि पुढे राज्याच्या आर्थिक विकास महामंडळात ते गेले. राजकारणात येण्यापूर्वी जिल्ह्याच्या पातळीवरच्या फायली त्यांनी स्वतः हाताळल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांची पुढची शैली भाषणबाजीपेक्षा शांत, कार्यालयीन आणि कधीकधी संथ वाटावी अशी राहिली, त्याचे मूळ मला या वर्षांत दिसते.

ते संसदेत पहिल्यांदा कधी गेले?

१९७८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पागोह मतदारसंघातून, अम्नो या पक्षातर्फे. अम्नो म्हणजे मलय लोकांची राष्ट्रीय संघटना. तिची स्थापना १९४६ मध्ये जोहोर बाहरू येथेच झाली होती आणि तिचे संस्थापक ओन जाफर हे पुढे जोहोरचे मेंतेरी बसार, म्हणजे राज्य सरकारचे प्रमुख, झाले. जोहोर हा अम्नोचा बालेकिल्ला मानला जाई आणि त्या राज्यातील कार्यकर्त्याला पक्षात आपोआप वजन मिळे. मुहयिद्दीन यांना परराष्ट्र मंत्रालयात संसदीय सचिवपद मिळाले. त्यानंतर संघराज्य प्रदेश आणि व्यापार व उद्योग या खात्यांचे ते उपमंत्री झाले.

मेंतेरी बसार म्हणजे मुख्यमंत्रीच ना?

कामाच्या दृष्टीने होय, परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. मलेशियात १३ राज्ये आहेत आणि त्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरागत राज्यप्रमुख आहेत. त्यांतील बहुतेकांना सुलतान म्हणतात. या नऊ राज्यांतील सरकारच्या प्रमुखाला मेंतेरी बसार म्हणतात. सुलतान नसलेल्या राज्यांत, उदाहरणार्थ पेनांग किंवा मलाक्का येथे, गव्हर्नर असतो आणि सरकारच्या प्रमुखाचे पदनामही वेगळे असते. आपल्याकडे राज्यपाल बदलतात, त्यांचा कार्यकाळ संपतो. जोहोरच्या मेंतेरी बसारला मात्र अशा सुलतानासमवेत काम करावे लागते, ज्याचे घराणे त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ज्याचा शब्द जमीन, धर्म आणि मलय परंपरा यांबाबत जड असतो. राज्यांच्या हाती मुख्यतः जमीन, पाणी, स्थानिक संस्था आणि इस्लाम धर्मविषयक कारभार असतो. शिक्षण, पोलीस, आरोग्य आणि बहुतांश करवसुली केंद्राकडे असते. त्यामुळे राज्यात यशस्वी होण्यासाठी मेंतेरी बसारला राजवाडा आणि क्वालालंपूर अशा दोन्ही दिशांना तोल सांभाळावा लागतो.

जोहोरमध्ये त्यांची कारकीर्द कशी होती?

ऑगस्ट १९८६ मध्ये बुकित सेराम्पांग या राज्य मतदारसंघातून निवडून आल्यावर ते जोहोरचे मेंतेरी बसार झाले आणि १९९५ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे पावणेनऊ वर्षे, त्या पदावर राहिले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील हाच काळ सर्वांत कमी चर्चिला जातो, आणि तो सर्वांत भरीवही आहे.

जोहोरचे भाग्य आणि अडचण दोन्ही सिंगापूर आहे. सामुद्रधुनीवरील पूल ओलांडला की एक श्रीमंत, जागेची आणि पाण्याची टंचाई असलेले शहर-राष्ट्र लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंगापूरमधील कारखाने स्वस्त जमीन आणि मजूर शोधत होते आणि जोहोरकडे दोन्ही होते. १९८९ च्या अखेरीस सिंगापूर, जोहोर आणि इंडोनेशियाचे रियाऊ यांचा ‘विकास त्रिकोण’ ही कल्पना पुढे आली आणि त्यानंतरच्या वर्षांत जोहोरमध्ये विद्युत उपकरणे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उद्योगांची झपाट्याने वाढ झाली. १९९० मध्ये लिंगिऊ धरणासंबंधी जोहोर राज्य आणि सिंगापूरची पाणीसंस्था यांच्यात करार झाला. पाणी हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असल्याने अशा करारात मेंतेरी बसारच्या सरकारची भूमिका नाममात्र नसते. सिंगापूरला जोडणाऱ्या दुसऱ्या पुलाचा करारही १९९४ मध्ये, त्यांच्याच कार्यकाळात झाला.

याच काळात राजवाड्याशी संबंधित एक गंभीर प्रसंग घडला. १९९२ च्या अखेरीस जोहोरचे सुलतान इस्कंदर यांनी एका हॉकी प्रशिक्षकाला मारहाण केल्याचा आरोप झाला. त्यातून देशभर खळबळ माजली आणि महाथीर सरकारने १९९३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून सुलतानांना असलेले वैयक्तिक कायदेशीर संरक्षण काढून घेतले. पक्ष एका बाजूला आणि आपल्या राज्याचा सुलतान दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत त्या राज्याचे सरकार चालवत राहणे किती नाजूक असेल, याची कल्पना करता येते. मुहयिद्दीन त्यानंतरही दोन वर्षे पदावर राहिले.

केंद्रात परतल्यावर त्यांनी कोणती खाती सांभाळली?

१९९५ मध्ये ते पुन्हा पागोहमधून खासदार झाले आणि युवक व क्रीडा मंत्री म्हणून मंत्रिमंडळात आले. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धा त्यांच्याच कार्यकाळात पार पडल्या. १९९९ ते २००४ या काळात त्यांच्याकडे देशांतर्गत व्यापार व ग्राहक व्यवहार हे खाते होते, २००४ ते २००८ कृषी आणि २००८ ते २००९ आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग.

पक्षात त्यांचा उदय सरळ होता का?

मुळीच नाही. १९९३ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत अन्वर इब्राहिम यांच्या गटातून ते अम्नोचे उपाध्यक्ष झाले. १९९६ मध्ये ते पद त्यांनी गमावले आणि २००० मध्ये परत मिळवले. १९९८ मध्ये अन्वर यांची उपपंतप्रधानपदावरून हकालपट्टी झाली आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला, तेव्हा त्यांच्या गटातील पूर्वीच्या अनेक साथीदारांप्रमाणे मुहयिद्दीन पक्षातच राहिले.

२००८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीची पीछेहाट झाल्यावर पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी पद सोडण्यासाठी २०१० ची मुदत सुचवली. ती फार लांबची आहे, असे उघडपणे म्हणणाऱ्या मंत्र्यांत मुहयिद्दीन होते. मंत्रिमंडळात राहून पंतप्रधानांना जाहीरपणे प्रश्न विचारण्याची ही पहिली ठळक वेळ होती. सात वर्षांनी हीच गोष्ट त्यांना फार महागात पडली. २००९ च्या मार्चमध्ये ते पक्षाचे उपप्रमुख म्हणून निवडून आले आणि एप्रिलमध्ये नजीब रझाक यांचे उपपंतप्रधान झाले.

शिक्षणमंत्री म्हणून त्यांचे महत्त्वाचे निर्णय कोणते?

उपपंतप्रधानपदाबरोबर शिक्षण खातेही त्यांच्याकडे होते. शाळांत विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवण्याचे धोरण महाथीर यांनी २००३ मध्ये सुरू केले होते. जुलै २००९ मध्ये मुहयिद्दीन यांनी ते टप्प्याटप्प्याने मागे घेण्याची घोषणा केली. ग्रामीण भागातील मुलांना इंग्रजीतून हे विषय जड जातात, असा सरकारचा युक्तिवाद होता. शहरी मध्यमवर्गीय पालकांनी मात्र या निर्णयाला जोरदार विरोध केला. महाराष्ट्रात मराठी आणि अर्ध-इंग्रजी माध्यमाचा वाद पाहिलेल्या कोणालाही दोन्ही बाजूंची तळमळ समजेल. मुलाला विषय कळावा ही एक चिंता आणि जगात त्याची गैरसोय होऊ नये ही दुसरी, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

शालान्त परीक्षेत इतिहास हा विषय उत्तीर्ण होणे २०१३ पासून अनिवार्य करण्यात आले आणि २०१३ ते २०२५ या काळासाठी शिक्षण सुधारणांचा आराखडा मांडण्यात आला. यांपैकी भाषेचा निर्णय सर्वाधिक दूरगामी ठरला, असे मला वाटते.

‘मी आधी मलय’ या विधानाचा वाद काय होता?

२०१० मध्ये विरोधी नेते लिम किट सियांग यांनी त्यांना आव्हान दिले की, आपण आधी मलेशियन आहोत की आधी मलय, हे त्यांनी स्पष्ट करावे. मुहयिद्दीन यांनी आपण आधी मलय आहोत असे सांगितले आणि त्यामुळे आपले मलेशियनपण कमी होत नाही, अशीही पुस्ती जोडली. सर्व वंशांना एकत्र आणण्याची घोषणा देणाऱ्या सरकारचा उपपंतप्रधान असे म्हणतो, यावर चिनी आणि भारतीय वंशाच्या नागरिकांत नाराजी उमटली, आणि ती रास्त होती. उपपंतप्रधान हे पद साऱ्या देशाचे असते आणि त्या पदावरून उच्चारलेल्या शब्दाला पक्षाच्या व्यासपीठापेक्षा वेगळा अर्थ प्राप्त होतो. पुढे बहुवंशीय आघाडीत आणि नंतर पंतप्रधानपदावर असतानाही हे वाक्य त्यांच्या मागे लागून राहिले.

२०१५ मध्ये त्यांना उपपंतप्रधानपदावरून का काढले?

‘वन एमडीबी’ या सरकारी गुंतवणूक निधीतील गैरव्यवहारांच्या बातम्या जुलै २०१५ मध्ये थेट पंतप्रधान नजीब यांच्या वैयक्तिक बँक खात्यांपर्यंत पोहोचल्या. मुहयिद्दीन यांनी या प्रकरणी जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले आणि लोकांना उत्तरे मिळाली पाहिजेत, अशी भूमिका घेतली. २८ जुलै रोजी नजीब यांनी त्यांना मंत्रिमंडळातून वगळले. त्याच सुमारास महाधिवक्त्यांनाही पदावरून हटवण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पक्षाने मुहयिद्दीन यांना उपप्रमुखपदावरून निलंबित केले आणि जून २०१६ मध्ये महाथीर यांचे पुत्र मुखरिझ यांच्यासोबत पक्षातूनच काढून टाकले.

जवळजवळ चार दशके ज्या पक्षाचे ते खासदार, मेंतेरी बसार आणि मंत्री होते, त्याच पक्षाने त्यांना बाहेर केले. गप्प राहिले असते तर पंतप्रधानपद एका पायरीवर होते. त्यांच्या नंतरच्या निर्णयांविषयी कितीही मतभेद असले, तरी या एका निर्णयाची किंमत त्यांनी पूर्ण मोजली, हे मान्य करावे लागते.

बेर्सातू पक्ष कसा उभा राहिला?

सप्टेंबर २०१६ मध्ये महाथीर अध्यक्षस्थानी आणि मुहयिद्दीन पक्षप्रमुख अशी रचना करून नवा पक्ष नोंदवण्यात आला. ‘बेर्सातू’ म्हणजे एकजूट. पूर्ण सदस्यत्व फक्त मूळ रहिवाशांना होते, म्हणजे पक्षाचा पाया अम्नोसारखाच मलय होता. तरीही २०१७ मध्ये तो अन्वर यांच्या पक्षासह बहुवंशीय ‘पकातान हरापान’ आघाडीत सामील झाला. ९ मे २०१८ च्या निवडणुकीत या आघाडीने अम्नोप्रणीत आघाडीची स्वातंत्र्यापासून चालत आलेली सत्ता उलथवली आणि महाथीर पुन्हा पंतप्रधान झाले. मुहयिद्दीन पागोहमधून संसदेत आणि गांबिरमधून जोहोर विधानसभेतही निवडून आले. दोन्ही सभागृहांचे सदस्यत्व एकाच वेळी ठेवण्यास मलेशियात मनाई नाही.

ते गृहमंत्री झाले, पण काही आठवड्यांतच स्वादुपिंडातील गाठीसाठी सिंगापूरमध्ये शस्त्रक्रिया आणि त्यानंतर केमोथेरपी घ्यावी लागली. पुन्हा ते कामावर परतले.

निवडणूक न होता ते पंतप्रधान कसे झाले?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. महाथीर पंतप्रधानपद अन्वर यांच्याकडे केव्हा सोपवणार, यावरून आघाडी आतून तडकली होती. २३ फेब्रुवारी २०२० रोजी पेतालिंग जया येथील शेराटन हॉटेलात बेर्सातू, अम्नो, इस्लामी पक्ष पास आणि अन्वर यांच्या पक्षातील फुटीर खासदार एकत्र जमले. दुसऱ्या दिवशी बेर्सातू आघाडीबाहेर पडला आणि महाथीर यांनी राजीनामा दिला. मलेशियाच्या राज्यघटनेनुसार, ज्या खासदाराला सभागृहाच्या बहुमताचा विश्वास मिळण्याची शक्यता आहे असे राजांना वाटते, त्याची ते नेमणूक करतात. देशाचे तत्कालीन राजे सुलतान अब्दुल्ला यांनी खासदारांना एकेक करून भेटीला बोलावले, मग पक्षप्रमुखांशी बोलणी केली आणि १ मार्च रोजी मुहयिद्दीन यांना आठवे पंतप्रधान म्हणून शपथ दिली.

घटनेच्या दृष्टीने यात काही बेकायदा नव्हते. परंतु २०१८ मध्ये ज्या पक्षाविरुद्ध मते मागितली, त्याच पक्षाच्या आधारावर सरकार बनले, ही मतदारांची खंत होती आणि ती मला आजही न्याय्य वाटते. त्याच अम्नोने मुहयिद्दीन यांना चार वर्षांपूर्वी बाहेर काढले होते. मे महिन्यात महाथीर यांनाही बेर्सातूतून वगळण्यात आले.

महासाथीच्या काळात त्यांचा कारभार कसा होता?

शपथविधीनंतर अडीच आठवड्यांत, १८ मार्च २०२० पासून, देशभर संचारनिर्बंध लागू झाले. २७ मार्च रोजी त्यांनी २५० अब्ज रिंगिटची आर्थिक योजना जाहीर केली. त्या भाषणात केळ्यांची भजी विकणाऱ्या ‘माकचिक किआह’ म्हणजे किआहमावशी या काल्पनिक बाईच्या कुटुंबाला किती मदत मिळेल, हे त्यांनी उदाहरणाने समजावले. ती मावशी रातोरात घराघरांत पोहोचली. दूरचित्रवाणीवरील भाषणाच्या शेवटी हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या या पंतप्रधानाला लोक ‘आबाह’ म्हणजे बाबा म्हणू लागले. पहिल्या लाटेत देश सावरला आणि त्याचे श्रेय त्यांना मिळाले. २०२१ मध्ये चित्र पालटले. लसीकरण वेगात असूनही ऑगस्टमध्ये दररोजच्या रुग्णांची संख्या २०,००० च्या पुढे गेली आणि त्याआधीच्या आठवड्यांत उपासमारीला आलेली कुटुंबे मदतीसाठी घरांवर पांढरे निशाण लावू लागली होती. ते निशाण पाहिलेल्या माणसाला आकडेवारी सांगून समाधान होणे शक्य नव्हते.

आणीबाणी का लावली आणि सरकार का पडले?

२२२ जणांच्या सभागृहात त्यांचे बहुमत पहिल्या दिवसापासून काठावरचे होते. जुलै २०२० मध्ये सभापती बदलण्याचा ठराव १११ विरुद्ध १०९ मतांनी आणि डिसेंबरमध्ये अर्थसंकल्प १११ विरुद्ध १०८ मतांनी संमत झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये आणीबाणीची त्यांची पहिली विनंती राजांनी मान्य केली नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी मात्र महासाथीच्या कारणास्तव १ ऑगस्टपर्यंतची आणीबाणी जाहीर झाली आणि संसदेचे कामकाज थांबले. या काळात विश्वासदर्शक ठराव येण्याचा मार्गच बंद झाला.

जुलैअखेर संसद पुन्हा बसली तेव्हा कायदामंत्र्यांनी आणीबाणीतील अध्यादेश रद्द झाल्याचे सांगितले. २९ जुलै रोजी राजवाड्याने निवेदन काढून त्याला राजांची संमती नव्हती, असे स्पष्ट केले. ज्याने जोहोरमध्ये राजवाड्यासोबत काम करण्याची नाजूक कला नऊ वर्षे जोपासली, त्याच्यावर राजवाड्याकडून अशी जाहीर नाराजी येणे ही साधी गोष्ट नव्हती. अम्नोच्या एका गटाने पाठिंबा काढला आणि १६ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी अम्नोचे इस्माईल साबरी पंतप्रधान झाले.

त्यानंतर ते राजकारणातून निवृत्त झाले का?

नाही. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या ‘परिकातान नासियोनाल’ आघाडीने ७० हून अधिक जागा जिंकल्या. मात्र त्यातील सर्वांत मोठा वाटा पास पक्षाचा होता. कोणालाही बहुमत नव्हते. राजांनी सर्वांनी मिळून एकोप्याचे सरकार बनवावे असे सुचवले, तेव्हा अन्वर यांच्यासोबत जाण्यास मुहयिद्दीन यांनी नकार दिला आणि २४ नोव्हेंबर रोजी अन्वर पंतप्रधान झाले. १९९३ मध्ये एकाच गटातून लढलेले हे दोघे तीस वर्षांनी सरकार आणि विरोधी बाकांवर समोरासमोर आले.

त्यांच्यावरील खटल्यांची स्थिती काय आहे?

१० मार्च २०२३ रोजी त्यांच्यावर अधिकाराचा गैरवापर करून बेर्सातूसाठी २३ कोटी २५ लाख रिंगिट घेतल्याचे चार आरोप, तसेच काळा पैसा वळवल्याचे आरोप ठेवण्यात आले. त्यांनी सर्व आरोप नाकारले आणि ही राजकीय सूडबुद्धी असल्याचे म्हटले. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने अधिकाराच्या गैरवापराचे चारही आरोप रद्द केले, परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते पुन्हा कायम केले. ऑगस्ट २०२४ मध्ये एका प्रचारसभेतील भाषणावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोपही ठेवण्यात आला आणि तोही त्यांनी अमान्य केला आहे. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे येथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे.

राज्याचे मेंतेरी बसार राहिलेले ते एकमेव पंतप्रधान आहेत का?

नाही. नजीब हे १९८० च्या दशकात पाहांग राज्याचे मेंतेरी बसार होते. मात्र नजीब तेथे चार वर्षे होते, तर मुहयिद्दीन जोहोरमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक काळ होते.

पागोहशी त्यांचे नाते अजून आहे का?

१९७८ मध्ये अम्नोचे उमेदवार म्हणून आणि चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच अम्नोच्या विरोधात त्यांनी हा मतदारसंघ जिंकला. जोहोरचे मेंतेरी बसार असतानाची वर्षे वगळली, तर संसदेत पागोहचे नाव त्यांच्याच नावासोबत येत राहिले. २०२२ मध्येही पागोहच्या मतदारांनी त्यांनाच निवडून दिले.